झाकणावरचं बेलपान

नांदूरघाट, ११ एप्रिल २०२५

जिनत,

तू माझा नंबर बंद करून टाकलास म्हणून हे पत्र. पोस्टावर माझा भरवसा नाही, तेव्हा तुझ्या अब्बांच्या हाती देतोय. दर पंधरा दिवसांनी ते परभणीला तुझ्या बहिणीकडे, रुकसानाकडे तुला भेटायला येतात, त्या पिशवीत ज्वारीच्या पिठाशेजारी हे बसेल. पाकीट घेताना खाजामियाँनी विचारलं, "यात शिव्या हायत का माफी?" मी म्हणालो, "अजून ठरलं न्हाई." तर म्हणाले, "मग जड कावून लागतंय बे?"

आधी मुद्द्याचं. अठरा मार्चला तू आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचं दार फोडून रविला बाहेर ओढलंस, अब्बांच्या टेम्पोत घालून केजच्या दवाखान्यात पोचवलंस आणि संध्याकाळच्या गाडीनं निघूनही गेलीस. पोरगा वाचला. बाप म्हणून आभार मानतो. इन्व्हर्टरची बॅटरी फुटली आणि बंद खोलीत वायू कोंडला, असं तू डॉक्टरांना सांगितलंस. आम्हीही सगळ्या गावाला तेच सांगतोय. ही त्या दिवशी कपिलधारला दर्शनाला गेली होती आणि मी बीडला एका सभागृहात 'निर्भीड लेखणी' पुरस्काराची शाल पांघरून बसलो होतो. चाळीस डिग्रीत शाल. निर्भीडपणाची किंमत मोजावी लागते ती अशी.

आता एक शंका. आमचा इन्व्हर्टर जिन्याखाली असतो आणि तो धडधाकट आहे. मी स्वतः पाहिला. विनोदी लिहितो म्हणून मला दिसतच नाही असं नव्हे. रविला विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपतो. आणि मुख्य म्हणजे, ज्या माणसामुळे तुझी नोकरी गेली असं तू समजतेस, त्याच्या घराचा जिना चढायला परभणीहून भल्या पहाटेची एसटी पकडून तू आलीसच कशी?

'असं तू समजतेस' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. जानेवारीत मी सदरात लिहिलं ते कुणाचं नाव घेऊन नव्हे. घरच्या घरी नशेची रसायनं शिजवणाऱ्यांची इंटरनेटवर एक चावडी आहे (तूच एकदा चहावर बोलता बोलता सांगितलं होतंस), आणि 'हिरवं हेल्मेट घालून स्कूटीवर फिरणाऱ्या, ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम' तिथं सल्ले देत बसतात, एवढंच लिहिलं. पुढं तुझ्या संस्थेनं तुला निलंबित केलं, चौकशी समिती नेमली. त्याला मी काय करणार? तालुक्यात हिरव्या हेल्मेटच्या मॅडम किती, ते मोजायचं काम माझं नव्हतं.

एकच होती. माहीत होतं मला.

ता. क. आईच्या डब्याचं झाकण सापडत नाही. धांदलीत तुझ्यासोबत गेलं का?

गुरुपाद

---

नांदूरघाट, २७ एप्रिल २०२५

जिनत,

रवि बोलला.

आपल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसलो होतो. पोरगं समोर येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "बॅटरी फुटली न्हवती." मी म्हणालो, "ते मलाबी कळतंय." तर म्हणाला, "मग विचारलं कावून न्हाई?" चोवीस वर्षांचं पोरगं सदर लिहिणाऱ्या बापाला हे विचारत होतं. मी गिऱ्हाइकाला द्यायच्या वहीची पानं मोजत बसलो.

त्यानं सगळं सांगितलं. दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. दोनदा थोडक्यात हुकली. जागं ठेवणारी पावडर कुणीतरी पुण्यात दिली होती, ती संपली. बी.एस्सी. झालेलं पोरगं. त्याला वाटलं, विकत कशाला घ्यायची, आपणच करू. मग ती चावडी. मग गच्चीवरची खोली. पत्र्याची, एकुलती खिडकी खिळे मारून बंद केलेली, म्हणजे शेजाऱ्यांना वास जाऊ नये. आणि खाली मी. सरकार, संस्थाचालक, साखर कारखाने यांच्या घरात काय शिजतंय त्यावर आठवड्याला आठशे शब्द लिहिणारा.

सतरा मार्चला त्यानं आपल्या मांडणीचा फोटो त्या चावडीवर टाकला. 'उद्या दुपारी सुरुवात करतो, काही चुकतंय का पाहा.' नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. हातात मोजे. फार हुशार. पण एका काचेच्या भांड्यावर त्यानं आईच्या डब्याचं झाकण ठेवलं होतं.

जगभरातल्या लोकांनी तो फोटो पाहिला. त्यांना झाकण दिसलं. तुला अक्षर दिसलं.

आईच्या पहिल्या पुण्यस्मरणाला मी स्टीलचे एकशे एक्कावन्न डबे वाटले. झाकणावर 'कै. नीलाबाई यांच्या स्मरणार्थ' आणि खाली, माझी हौस, 'गुरुपाद आणि परिवार, नांदूरघाट'. नावं टाकली अब्बांनीच. चाळीस वर्षं हा माणूस त्या घरघरत्या मशीननं पंचक्रोशीतल्या लग्नांची, बारशांची, मेलेल्यांची नावं भांड्यांवर टाकतोय; आपल्या बायांनी वाटीसुद्धा बिननावाची घरात ठेवली नाही. आणि त्यांची एक रीत, जी तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मोठं काम आलं की एक नग जास्तीचा, फुकटात, त्या घरासाठी. आमचं घर महादेवाचं, म्हणून आमच्या त्या एकशे बावन्नाव्या झाकणाच्या कोपऱ्यात त्यांनी छोटं बेलपान काढलं. वाटलेल्या एकाही डब्यावर ते नाही. तुझ्या घरच्या डब्यावरही नाही.

म्हणजे परभणीत बसून, निलंबित अवस्थेत, मोबाइलच्या वीतभर काचेवर तुला तुझ्या बापाचं अक्षर दिसलं, माझ्या आईचं नाव दिसलं, आणि बेलपान पाहून कुठलं घर तेही कळलं. तू मला तीनदा फोन केलास. मी उचलला नाही. मला वाटलं, लेखाबद्दल भांडायला करतेय. ते तीन फोन अजून माझ्या मोबाइलात लाल अक्षरात आहेत. पुसायला हात होत नाही.

मग तू अब्बांना पिटाळलंस. ते आले, जिन्याखालून ओरडले. वरून उत्तर आलं, "काय न्हाई चाचा, अभ्यास चालू हाय." अब्बांचे गुडघे ते जिने चढायचे नाहीत. म्हणून तू सहाची गाडी पकडलीस.

त्यानंतर मी एक काम केलं, जे लेख लिहिण्याआधी करायला हवं होतं. तुझे सगळे निरोप वाचले. रविनं ती चावडी उघडून दिली, शेजारी बसून इंग्रजी समजावलं. चार वर्षं, अकराशेच्या वर निरोप. दुकान दोन दिवस अर्ध्या दारानं चाललं. गिऱ्हाइकांना वाटलं, कुणी गेलं.

तिथं तुझं नाव 'खिडकी'. त्या लोकांना वाटतं हे एखाद्या देवीचं नाव आहे. तुझा प्रत्येक निरोप एकाच वाक्यानं सुरू होतो: आधी खिडकी उघड. मग विचारतेस, घरात लहान मूल आहे का, गॅसची शेगडी कुठे आहे, शेजारी कोण झोपतं. काय कसं करायचं हे तू चार वर्षांत एकदाही, एका ओळीतसुद्धा सांगितलेलं नाही. मी शोधलं. नतद्रष्टासारखं शोधलं, कारण सापडलं असतं तर माझा लेख खरा ठरला असता. नाही सापडलं. कशानं मराल, तेवढंच सांगत आलीस. 'तुला हे शिकवलं त्याला स्वतःला शिकायची गरज आहे. थांब.' 'डोळे झोंबतायत म्हणजे तू घरात आहेस. आधी अंगणात जा, मग मला लिही.' 'तू लिहिलेलं मला कळलं. तुझ्या आईला कळेल का?'

ती जागा काही संतांचा मठ नव्हे. निम्मे मूर्ख, पाव भाग विकणारे, उरलेले दुःखी. पण एक सांगतो, संदर्भ दिल्याशिवाय तिथं कुणी वाक्य बोलत नाही आणि कुणी चूक दाखवली तर आभार मानतात. आपल्या साहित्य संमेलनात मी हे पाहिलेलं नाही. चालवणाऱ्यांनी तुला दोनदा हाकललं, लोकांना परावृत्त करते म्हणून. दोन्ही वेळा तिथल्याच मंडळींनी गलका करून तुला परत आणलं. कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या माणसानं लिहिलं होतं, मी ही कामं सोडली, पण खिडकीला सांगायला मधूनमधून येतो की मी जिवंत आहे. त्याखाली तू फक्त लिहिलंस, 'जेवलास का?'

आणि तो एक, ज्याचं लिहिणं तीन वर्षांपूर्वी अर्ध्यात थांबलं. दर वर्षी त्या तारखेला तू त्याच्या नावाखाली एक ओळ टाकतेस. उत्तर येत नाही हे तुला माहीत आहे. तरी टाकतेस.

मी आयुष्यभर माणसांची मापं काढली. एकाही माणसाची वाट अशी पाहिली नाही.

माझा लेख परत वाचला. विनोद बरे जमलेत, याचीच लाज वाटते.

गुरुपाद

---

नांदूरघाट, २० मे २०२५

जिनत,

तुझं उत्तर मिळालं. एका ओळीचं, तेही अब्बांच्या किराणा यादीच्या मागे: 'नाव न घेता लिहिलंस, आता नाव घेऊन लिही.'

मी अब्बांना विचारलं, "कुणाचं नाव?" मशीन बंद न करता ते म्हणाले, "ते तुलाबी कळतंय अन् मलाबी. चाय पी."

माझी तयारी नाही असं नाही. तुझी सुनावणी २३ जूनला आहे. समितीपुढे पुरावा एकच, माझं सदराचं कात्रण. त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलंय म्हणे. मी विठ्ठलरावांना, म्हणजे समितीच्या अध्यक्षांना, भेटून आलो. लेखात तथ्यांची गफलत झाली, मॅडम निर्दोष आहेत, असं लेखी देतो म्हणालो. विठ्ठलराव हसले. "गुरुपादजी, तुमी लेखक. कल्पनेनं लिव्हता, कल्पनेनंच मागे घेता. आमाला माणूस दावा. मॅडमनी तिथं कुणाला वाचवलंय, असा एक तरी माणूस."

एक माणूस माझ्या घरात आहे. दुपारी दोनदा जेवतो आणि धाप लागली की पायरीवर बसतो.

तुला स्पष्ट सांगतो, कारण बाकी सगळ्यांशी गोलगोल बोलतोय. रविचं नाव दिलं तर जबाब पोलिसांत जाईल. त्यानं आयुष्याची दोन वर्षं ज्या नोकरीसाठी घातली, तिची चारित्र्य पडताळणी आटोपली म्हणून समज. आणि गाव. ज्या गावाला मी वीस वर्षं हसवलं, ते आता कुणावर हसेल हे मला फार चांगलं माहीत आहे. हसायचं कसं हे मीच शिकवलंय. हिचं म्हणणं, पोराला मधे आणायचं नाही. रवि काहीच म्हणत नाही. मी त्याला विचारलेलंही नाही. परत.

मी तुझ्यासाठी दुसरं काहीही करतो. वकील देतो, सदर बंद करतो, बस स्टँडवर उभा राहून माफी मागतो. हे एवढं सोडून.

लिहिताना वाचतोय मी हे. कसं दिसतं ते दिसतंय मला.

गुरुपाद

---

नांदूरघाट, १२ जून २०२५

जिनत,

तू सुनावणीला येणार नाहीस, असं अब्बा म्हणाले. 'मला खुलासा करण्यासारखं काही नाही' असं समितीला कळवलंस. म्हणजे एकतर्फी निकाल. म्हणजे गेली नोकरी. सव्वीस वर्षांची.

एक गोष्ट आज लक्षात आली. झाकण तूच नेलंस, आणि ते आठवण म्हणून नव्हे. पोलिसांना खोलीत ते सापडलं असतं तर चावडीवरचा तो फोटो आमच्याच घरातला, हे नावानिशी सिद्ध झालं असतं. हे तू आम्हाला वाचवायला केलंस, ठीक. पण ते झाकण आणि तो फोटो, दोन्ही समितीच्या टेबलावर शेजारी ठेवले तर तुझं निलंबन त्याच दिवशी संपतं. तीन महिने तुझी सुटका तुझ्याजवळ आहे आणि तू ती काढत नाहीस. माझ्या पोरासाठी. माझ्या.

मी लेख लिहिलाय. नावं घालून. पहिलं माझं. संपादक म्हणतात, छापता येणार नाही, तुमच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. ती कुठे ठेवलीय ते त्यांनाच माहीत असावं. तेव्हा मी तो सुनावणीत वाचणार. रविला उद्या सांगतो.

गुरुपाद

---

नांदूरघाट, २५ जून २०२५

जिनत,

'उद्या सांगतो' हे मी अकरा दिवस म्हणत राहिलो. तेवीस तारखेच्या सकाळीही म्हणालो, आणि न सांगताच लेख खिशात घालून कॉलेजवर गेलो. ठरवलं होतं, आयत्या वेळी 'एक तरुण' म्हणू. पाहा, अजूनही.

वऱ्हांड्यातल्या बाकावर रवि बसला होता. इस्त्रीचा शर्ट. मांडीवर आईचा डबा, बिनझाकणाचा. शेजारी तुझे अब्बा, मशीनचं तेल लागलेल्या कपड्यांत.

मी म्हणालो, "तू इथं कावून?"

रवि म्हणाला, "तुमी विचाराल म्हणून लई वाट पाहिली, पप्पा."

आत विठ्ठलराव आणि दोन सदस्य. माझं कात्रण कव्हरात. रविनं उभ्यानं सांगितलं: फोटो माझा, खोली माझी, मूर्खपणा माझा. त्या बाईंनी मला आदल्या दिवशी नऊ वेळा लिहिलं, थांब. मी नाही थांबलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार फोडलं. त्यानं तुझे नऊही निरोप वाचून दाखवले. शेवटच्यात तू इंग्रजी सोडून मराठीत लिहिलं होतंस, 'बाळा, मी तुझ्या आजीच्या हातचं जेवलेय. थांब रे.' हे मला माहीत नव्हतं. हे नऊ चावडीवर नव्हते, थेट त्यालाच आले होते, आणि त्यानं ते कुणाला दाखवले नव्हते. ते वाचून त्याला वाटलं, कुणीतरी सापळा लावतंय, म्हणून त्यानं आतून कडी घातली. मग त्यानं पाणी मागितलं, प्यायला, आणि उरलेलं पूर्ण केलं.

एका सदस्यानं विचारलं, "हा डबा घेऊन कावून आलात? यावर तर काहीच नाही."

रवि म्हणाला, "झाकण न्हाई माझ्याकडं."

तेव्हा खाजामियाँ उठले, बंडीच्या आतून जुन्या वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर सोडली. झाकण. एका बाजूनं काळं-निळं झालेलं. अठरा मार्चलाच तू ते त्यांच्याकडे दिलं होतंस. तीन महिने ते त्यांच्या दुकानात, ज्या पेटीवर बसून मी रोज चहा पितो, तिच्यात होतं.

"हे अक्षर माझं," ते म्हणाले. "हे पान माझं. असं झाकण दुनियेत एकच हाय, साहेब. फोटोशी लावून बघा."

लावलं. बेलपान, नाव, आईच्या नावातल्या वेलांटीला मशीन अडखळलेलं, सगळं जुळलं. विठ्ठलरावांनी झाकण माझ्या कात्रणाशेजारी सरकवलं. मग मला म्हणाले, "तुमाला काही वाचायचं होतं ना?" मी लेख काढला. पहिल्या ओळीत माझं नाव होतं, ते वाचलं. पुढचं वाचवलं नाही. गरजही नव्हती, सगळं पोरानं सांगून झालं होतं. ते कात्रण मी कव्हरातून काढलं, त्यावर 'हे खोटं आहे' लिहिलं आणि खाली सही केली. वीस वर्षांतलं माझं सगळ्यात छोटं लिखाण.

बाहेर आल्यावर अब्बांना विचारलं, "मला आधी का नाही दाखवलं?"

"जिनतनं सांगितलं व्हतं, कुणालाच दावू नका. मी तर म्हातारा, पोरीचं ऐकतो." मग रविकडे पाहून म्हणाले, "हे पोरगं आलं म्हणून काढलं. तू एकटा आला असतास ना गुरू, तर पेटीतच ऱ्हायलं असतं."

निकाल तोंडी कळला: निलंबन मागे, लेखी आदेश आठवड्याभरात. रविचा जबाब पोलिसांकडे गेलाय. काल तो स्वतः जाऊन बसून आला, वकील सोबत होता. काय होईल ते होईल. परीक्षेचा अर्ज त्यानं या वर्षी भरला नाही. गच्चीवरच्या खोलीच्या खिडकीचे खिळे त्यानंच उपटले. गाव हसतंय. बरं हसतंय, तक्रार नाही. आणि त्या चावडीवर त्यानं एक निरोप टाकलाय, तू पाहिलाच असशील: 'खिडकी, मी जेवलो.' खाली कुठकुठल्या देशांतल्या लोकांनी काय काय लिहिलंय, ते वाचून ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. इंग्रजी तिला येत नाही.

आता कामाचं. झाकण समितीनं ठेवून घेतलंय. माझी आई जन्मात शाळेची पायरी चढली नाही, आणि आता तुमच्या कॉलेजच्या लोखंडी कपाटात 'पुरावा क्रमांक तीन' अशी चिठ्ठी लावून बसली आहे. मी मागायला गेलो तर क्लार्क म्हणाला, तुम्हाला मिळणार नाही. पुरावा मॅडमच्या बाजूचा आहे, सोडवायला मॅडमचीच सही लागते. समक्ष.

डबा मी घासून ठेवलाय. उघडाच आहे. ये आणि आईला घरी आण.

गुरुपाद